भंडाऱ्याला भिणारे मासे

मी सातारा-सांगलीकडे जाऊन आले म्हटलं, की आमच्या मालवणात पहिला प्रश्न येतो, "महाबळेश्वर बघितलंस?" नाही बघितलं. पाचगणीही नाही. मी मासे बघायला गेले होते, असं सांगितलं की लोक हसतात. मालवणची बाई घाट चढून मासे बघायला जाते, म्हणजे निवृत्तीनंतर हिच्या डोक्यावर परिणाम झाला असणार. त्यातून ते मासे खायचे नाहीत, हे ऐकल्यावर शेजारच्या वहिनींनी कपाळाला हातच लावला. गावाचं नाव मी कुणाला सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या सुट्टीत तिथे गाड्यांची रांग लागेल, आणि त्या माशांनी पुरेसं सोसलं आहे.

सांगली

पद्मजा माझी कोल्हापूरच्या वसतिगृहातली मैत्रीण. मी प्राणिशास्त्र घेतलं आणि जन्मभर बारावीच्या पोरांना शिकवलं. तिनं लग्न केलं आणि सांगलीतल्या हळदीच्या अडतदुकानाची मालकीण झाली. जैन घर, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवण. मी पोचले तेव्हा ताटं वाढून तयारच होती आणि सूर्य बुडायच्या बेतात होता, म्हणून हातपाय धुऊन थेट पाटावर. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. मी मनात म्हटलं, आता उपास घडणार. पण शेंगदाण्याची चटणी आणि ताज्या दह्याबरोबर ज्वारीची भाकरी अशी काही लागली, की मी आणखी एक मागून घेतली आणि पद्मजानं "आता कळलं का" म्हणून चिडवून घेतलं.

त्या घरात सगळीकडे हळद आहे. तिच्या नवऱ्याच्या सदऱ्याच्या कॉलरला, जिन्याच्या कठड्याला, हिशोबाला बसायच्या गादीला. सकाळी तिच्याबरोबर बाजारात गेले, तर उतरवून घेतलेल्या हळकुंडांच्या ढिगांमुळे नाकाला दुसरा वासच कळेना. आमच्याकडे पहाटे लिलावाला गेलं की कपड्यांना बांगड्याचा वास लागतो, इथे हळदीचा. धुवायचा त्रास सारखाच.

पद्मजानं मला बोलावलं होतं ते अंजाक्कासाठी. वाईच्या वर, कृष्णेला मिळणाऱ्या एका ओढ्यावर खंडोबाचं देऊळ आहे आणि देवळाखाली डोह. डोहातले मासे देवाचे. त्यांना कुणी गळ लावत नाही, जाळं टाकत नाही. पद्मजाच्या सासऱ्यांनी कधीकाळी तिथे नवस बोलला होता, तेव्हापासून दर मार्गशीर्षात यांच्या दुकानातून भंडाऱ्यासाठी हळदीचं पोतं जातं. अंजाक्का ही त्या देवळाची गुरवीण. नवरा वारल्यापासून देवाची पूजा, भंडारा दळणं आणि माशांना लाह्या घालणं हे सगळं तिच्याकडे आलं. चंपाषष्ठीला गुरवाच्या हातची लाह्यांची पहिली मूठ डोहात पडते, मासे वर येऊन ती घेतात, मग देवाला नैवेद्य दाखवतात. मागच्या चंपाषष्ठीला मासे आलेच नाहीत. गावानं वर्षभर कळ काढली, पण मासे अंजाक्काला बघून तळ गाठतात ते गाठतातच. यंदाही आले नाहीत, तर सेवा काढून तिच्या दिराला द्यायची असं देवस्थानाच्या मंडळींनी ठरवलं होतं. सेवेबरोबर देवळालगतची तिची खोलीही जाणार.

"तू माशांची बाई आहेस ना," पद्मजा म्हणाली, "मग बघ काय झालंय त्यांना."

मी म्हटलं, मी माशांची बाई म्हणजे ट्रेमध्ये मासा उघडून त्याचं हृदय दाखवणारी बाई. देवाच्या माशांनी मला बघितलं तर तेच पळतील. पण पद्मजाला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही.

कुंडल, मग वाई

पद्मजाच्या नणंदेला भेटायचं म्हणून आम्ही कुंडलवरून गेलो. कारखाने सुरू झाले होते, रस्ताभर उसानं लादलेल्या ट्रॉल्या, त्यांच्यामागे आमची गाडी रांगत. नणंदेकडे बिनकांद्याचा झुणका आणि दह्यातली मिरची खाल्ली. निघताना तिनं गाडीत गुळाची ढेप कोंबली, आणि त्या ढेपेच्या टोकानं मागे ठेवलेलं हळदीचं पोतं फाटलं. हे आम्हाला वाईला कळलं. घाटावर हातपाय धुवावेत म्हणून मी मागचं दार उघडलं, तर माझी बॅग, चपला, सगळं पिवळंधमक. पद्मजा हसायला लागली. मी नाही हसले. आम्ही दोघींनी ओंजळीओंजळीनं हळद परत पोत्यात भरली आणि माझ्या हातांना कोपरापर्यंत रंग चढला.

वाईचा घाट मला आवडला. थंडीचे दिवस, पाणी हिरवट आणि शांत, पायऱ्यांवर धुणं धुणाऱ्या बाया, एक भटजी कुणाचं तरी श्राद्ध आटपत होते. मालवणात समुद्राकडे आम्ही पोट भरायला जातो, इथे नदीकडे लोक पाया पडायला येतात, हे तिथे बसून प्रथमच नीट जाणवलं. पण पद्मजाला अंधाराच्या आत पोचायचं होतं, त्यामुळे फार बसता आलं नाही.

डोह

देऊळ लहान, काळ्या दगडाचं. खाली झाडांच्या सावलीत डोह आणि त्यात उतरणाऱ्या पायऱ्या. अंजाक्का दारातच उभी होती. काटक बाई, साठीच्या आसपासची, हाताची बोटं नखांपर्यंत पिवळी. तिनं पद्मजाच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आलासा? बसा, आदी च्या घ्या." माशांचं नावही काढलं नाही. चहा झाल्यावर मीच म्हटलं, चला डोहावर.

संध्याकाळच्या उन्हात तळापर्यंत दिसत होतं. महाशीर होते ते, हातभर लांबीचे, सोनेरी खवल्यांचे. खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार तिरफळ घातलेल्या आमटीचा आला. जन्माची सवय, काय करणार. पण दुसऱ्याच क्षणी तो विचार गळून पडला, कारण इतक्या मोठ्या माशांना असं निर्धास्त पोहताना मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे एवढा मासा दिसतो तो बर्फावर.

अंजाक्कानं पायरीवर बसून मूठभर लाह्या सोडल्या. मासे क्षणभर थबकले, एकमेकांना चिकटले आणि सगळा थवा पलीकडच्या कपारीखाली गेला. लाह्या तरंगत राहिल्या. मग मी खाली उतरले आणि पाण्यात हात घालून कणकेची गोळी सोडली. कपारीच्या तोंडाशी एकदोन मासे दिसत होते, तेही आत गेले. अंजाक्का म्हणाली, "तुमास्नीबी भ्याली," आणि तिच्या आवाजात किंचित दिलासा होता, तो मला ऐकू आला.

सकाळी उठून बघते तर डोहावर पुण्याकडची चार पोरं गाडी लावून बसलेली. पोरं बिस्किटं टाकत होती आणि देवाचे मासे तोंडं वासून ती गिळत होते. अंजाक्का देवळाच्या भिंतीआडून बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. गावाला राग होता तो याचाच. लोक म्हणायचे, मासे गेले असते तर समजलो असतो, पण येणाऱ्याजाणाऱ्याची बिस्किटं खातात आणि देवाच्या लाह्यांना पाठ फिरवतात, म्हणजे लाह्या घालणारा हातच देवाला नको झाला. बाईमाणसानं सेवा करायला घेतली तिथेच चुकलं, असं दिराकडची माणसं उघड बोलत होती.

मला मात्र त्या पोरांचे हात दिसत होते. स्वच्छ, गोरे, शहरी हात. आणि माझे अजून पिवळे होते.

मी अंजाक्काला विचारलं, गेल्या वर्षी, मासे यायचे थांबले त्याच्या आधीच्या पावसाळ्यात, माशांच्या बाबतीत वेगळं काय केलं? ती म्हणाली काहीच नाही. मग जरा वेळानं आपण होऊन सांगायला लागली. पुरात मोठाली झाडं वाहून आली होती. पाणी उतरल्यावर मासे जखमी दिसले, कुणाची कूस खरचटलेली, कुणाच्या जखमेवर कापसासारखी बुरशी. तिला बघवेना. लाह्या घातल्या की मासे पायरीशी यायचेच. मग ती बांबूची पाटी पाण्यात धरायची, जखमी मासा त्यात अलगद घ्यायचा, भंडाऱ्याची हळद पाण्यात कालवून जखमेवर लावायची आणि सोडून द्यायची. बोट कापलं तर आपण हळद भरतो, तशीच. पावसाळा संपेपर्यंत रोज हे चाललं होतं.

"धडपडायची लई," ती म्हणाली, "पर औषिद हाय म्हटल्यावर लेकरूबी धडपडतंच की."

मी तिला ती पाटी आणायला सांगितली. पाटीच्या आतल्या बाजूला कामट्यांची टोकं निघालेली होती आणि त्यांच्यात जुने, वाळलेले खवले अडकले होते.

आता थोडं वर्गातलं. कंटाळा आला तरी वाचा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. महाशीर, रोहू, कटला या सगळ्या गणगोतातल्या माशांच्या कातडीत एक प्रकारच्या पेशी असतात. त्या पेशींना बाहेर उघडणारं तोंड नसतं. माशानं ठरवलं तरी त्यातलं द्रव्य त्याला सोडता येत नाही. कातडी फाटली, पेशी फुटल्या, तरच ते पाण्यात मिसळतं. त्याचा वास आला की जातभाई चमकतात, एकमेकांना बिलगतात, तळाशी जातात, खाणं सोडतात. आणि त्या वेळी पाण्यात आणखी दुसरा कसला वास असला, तर तोही त्यांच्या ध्यानात राहतो. पुढे नुसता तो दुसरा वास आला, कुणाला काही इजा झालेली नसली, तरी मासे पळतात. इतकंच नाही, ज्यानं काहीच सोसलेलं नाही असा मासाही पळणाऱ्यांच्या सोबतीनं पळायला शिकतो.

पिढ्यान्‌पिढ्या भंडारा या डोहात पडत होता आणि मासे त्यातून पोहत होते, तेव्हा हळदीचा दोष नव्हता. पाटीनं कातडी सोलली जात होती आणि त्याच पाण्यात, त्याच क्षणी हळद कालवली जात होती. रोज. अंजाक्कानं आपल्या हातांनी त्यांना हळदीची भीती शिकवली होती.

हे तिला सांगायचं कसं, या विचारात मी अख्खी दुपार देवळाच्या ओट्यावर बसून काढली. पद्मजा म्हणाली, सांगूच नकोस. पुरानं मासे बिथरलेत असं मंडळींना सांग, तू शिकलेली आहेस, ऐकतील. मलाही ते पटत होतं. पण मग अंजाक्का भंडारा दळतच राहणार आणि मासे पळतच राहणार. शेवटी मी तिला शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं, जमेल तितकं सोपं करून.

सांगून झाल्यावर ती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

"म्हंजी मीच भ्या घातलं व्हय त्यास्नी?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"मला वाटायचं, देव रुसला," ती म्हणाली. "देव रुसला असता तर बरं झालं आसतं." मग ती रडली, आणि मलाही आवरलं नाही. आपली खोली जाणार हे महिन्यामहिन्यानं कळत आलेली बाई, पण रडली ती यासाठी.

पुराची गोष्ट सांगायची तयारी मी तिला दाखवली. तिनं मान हलवली. खोटं बोलून राखलेली सेवा देवाला कशी चालेल, असं तिचं म्हणणं. डोळे पुसून तीच उठली आणि सुभेदारांना बोलावणं धाडलं.

आदला दिवस

सुभेदार म्हणजे देवस्थानाचे प्रमुख. फौजेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, पण बसतात अजून ताठ. त्यांना सगळेजण आबा म्हणतात. त्याच संध्याकाळी त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं शास्त्र बरोबर आसंल. पर खंडोबाचा भंडारा खंडोबाच्या माशांस्नी नको, आसं मी गावाला कुठल्या तोंडानं सांगू?" मी म्हटलं, सांगू नका, दाखवा. त्यावर त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि सकाळी मंडळींना डोहावर बोलावतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी, चारपाच जाणती मंडळी डोहावर जमली, दिराकडचे दोघेही होते. पद्मजानं राखेनं आणि साबणानं हात घासघासून धुतले होते. आयुष्यात कधी माशाकडे नीट न बघितलेली माझी मैत्रीण नाक आक्रसून पायरीवर उतरली आणि लाह्या टाकल्या. मासे आले. पहिल्यांदा एक, मग पाचसात, मग सगळी पायरी सोनेरी झाली. एका माशानं तिच्या बोटाला तोंड लावलं तशी ती किंचाळली, पण हात काढला नाही.

मग अंजाक्का उतरली. तिनं हात पाण्यात घातले मात्र, सगळं पाणी रिकामं झालं.

"बगा," दिराकडचा एकजण म्हणाला, "बाईलाच भित्यात."

मी म्हटलं, आता दुसऱ्या कुणीतरी भंडारा हाताला लावून बघा. कुणी पुढे होईना. मला आधी रागच आला. नंतर लक्षात आलं, की गावासमोर देवाचे मासे आपल्या हातापासून पळणं ही इथे साधी गोष्ट नाही. एका बाईला त्यांनी त्यासाठीच घराबाहेर काढायला घेतलं होतं.

सुभेदारांनी टोपी काढून पायरीवर ठेवली. देवळातून भंडाऱ्याची परडी मागवली आणि सदऱ्याच्या बाह्या वर करून दोन्ही तळव्यांना भंडारा चोळला. मासे परत वर येईपर्यंत आम्ही थांबलो. पद्मजाच्या लाह्यांवर ते पुन्हा जमले, तेव्हा सुभेदार वाकले आणि त्यांनी हात पाण्यात घातले. मासे थबकले, एकमेकांना चिकटले आणि कपारीखाली गेले.

त्यांनी हात लगेच बाहेर काढले नाहीत. वाकून तसेच राहिले, पिवळं पाणी त्यांच्या बोटांतून लांब जात होतं. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"माझ्याबी हाताला आलं न्हाईत," ते म्हणाले. "आता काढा मलाबी."

दिराकडचे दोघे मागच्या पायरीवर सरकले. बाकीच्यांनी हळूहळू बोलायला सुरुवात केली आणि तिथेच ठरलं. भंडारा यापुढे डोहात पडणार नाही, खालच्या अंगाला, जिथून पाणी पुढे वाहून जातं तिथे उधळायचा. भंडारा दुसऱ्या घरानं दळायचा. पाटी बंद, माशांना कुणीही हात लावायचा नाही. सेवा अंजाक्काकडेच राहील. ती हे सगळं खाली बघून ऐकत होती.

चंपाषष्ठी

यात्रा मोठी नव्हती. येळकोटाचा गजर, ओढ्याच्या खालच्या वळणावर पिवळी धूळ, आणि देवळामागे वांग्याच्या भरताचा खमंग वास. रोडगे आणि भरीत मी पोटभर खाल्लं. पद्मजा वांगं खात नाही, तिनं रोडगा दुधात कुस्करून घेतला. आमच्याकडे जत्रेला वडे-सागोती असते, पण तिखटपणात हे भरीत कुणाला हार गेलं नसतं.

पहिली मूठ अंजाक्काच्या हातची पडली. तिनं आदल्या दिवसापासून हात इतके घासले होते, की बोटांची सालं निघाली होती. मासे आले, पण ती पायऱ्या चढून मागे झाल्यावर. ती उभी होती तोवर कपारीपासून हललेही नाहीत; हळदीबरोबर तिची सावलीही त्यांच्या ध्यानात राहिली असावी. गावाला तेवढं पुरे होतं, नैवेद्य दाखवला गेला, लोक आनंदानं जेवायला बसले. ती मागे का झाली हे पद्मजा, सुभेदार आणि मी सोडून कुणाच्या फारसं ध्यानात आलं नाही.

तिनं मला विचारलं, "किती दिस ध्येनात ठिवतील?"

मला माहीत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. काही वाईट घडलं नाही तर भीती ओसरत जाते, एवढं खरं. पण जुने मासे पळाले की नवेही पळतात, तेव्हा वर्ष लागेल की जास्त, कोण सांगणार?

निघताना

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघायच्या आधी मी डोहावर गेले. अंजाक्का वरच्या पायरीवर बसली होती, पाण्यापासून लांब. मी शेजारी बसले. खाली, उथळ पाण्यात, एक मासा एकटाच आला होता. बगळ्याची चोच लागली असावी, पाठीवर पंखाजवळ लांब चीर होती आणि कातडीचा तुकडा पाण्याबरोबर हलत होता. तो एका कुशीवर कलंडायचा आणि पुन्हा सरळ व्हायचा. बाकीचा थवा दिसतही नव्हता.

अंजाक्का अर्धवट उठली.

ती परत खाली बसली. दोन्ही हात तिनं पदरात गुंडाळले आणि पदराचं टोक मांडीखाली दाबून धरलं.

"जा रं राजा," ती म्हणाली, "मी न्हाई येत."

वर रस्त्यावर पद्मजा गाडीचा हॉर्न वाजवत होती. मासा तिथून हलेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.